पारस, शेवटचं पान छापायला गेलं

जाहीर प्रगटन. तमाम जनतेला, त्यातही जालन्यात कापड खरेदीला येणाऱ्या तमाम जनतेला, या प्रगटनाद्वारे कळविण्यात येते की कटपीस प्रकाशनाचे मालक, संपादक, हमाल व एकमेव विक्रेते श्रीमान पारस यांनी स्वतःचे आभार मानून घेण्यास हयातभर साफ नकार दिलेला आहे. त्यांच्या तोंडावर कुणी ‘आभारी आहे’ असे म्हटल्यास तो प्रकार बेकायदेशीर समजण्यात येत असे व गुन्हेगारास चहा मिळत नसे. सबब, सदर इसम आता हजर नसल्याची संधी साधून, खाली सही करणार भास्कर, धंदा बियाण्याच्या कारखान्यात नोकरी व गावोगाव गप्पा, हा त्यांचे आभार चारचौघांत मानणार आहे. कुणाची हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतीचा विचार केला जाणार नाही. आणि पारस, तुझ्या हरकतीचा तर बिलकुल न्हाई.

हुश्श. आता तुला काही बोलता येत नाही, आणि मला अडवायला कुणी नाही. अशी संधी मला शाळेपासून मिळाली नव्हती.

तू गेलास त्याला फार दिवस झाले नाहीत. सकाळी कापडाच्या दुकानाचं शटर अर्धं वर केलंस आणि तिथंच बसलास. बस, तेवढंच. लोक मला अजून विचारतात, नेमकं काय झालं, कोणत्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर काय म्हणाले. मी सांगतो, शटर अर्धं उघडं राहिलं. पुढचं मला सांगता येत नाही, आणि सांगितलं असतं तर तूच मधे हवेत कात्री वाजवून ते कापलं असतंस.

तर सरळ मुद्द्यावर येतो. आपलं पुस्तक छापून झालं, पारस! ‘चुकीच्या लग्नातला बेंडबाजा’ छापून झालं! सगळ्या गोष्टी, सगळी चित्रं, पुढचं कव्हर, मागचं कव्हर. छापखान्यातला शाईचा वास माझ्या शर्टाला लागलाय आणि बायकोनं तो शर्ट वेगळा धुवायला काढलाय. मी तो धुऊ देणार नाही. फक्त शेवटचं पान अडलं होतं. तेच पान, ज्यावरून आपलं भांडण चालू होतं आणि तू ते अर्ध्यावर टाकून निघून गेलास. भांडण अर्ध्यावर टाकणं ही तुझी सवय नव्हती.

त्या पानाचं काय झालं ते तुला सांगायचंय. पण तुला माहीत आहे, मी कुठलीही गोष्ट मुद्द्यापासून सुरू करत नाही.

आधी दुकान. माझ्या गोष्टींची पहिली वही घेऊन मी तुझ्याकडे आलो तेव्हा मला वाटलं होतं, तू चष्मा लावशील, चार दिवस वाचशील, मग गंभीर चेहऱ्यानं काहीतरी बोलशील. संपादक असंच करतात असं मी ऐकून होतो. तू वही उघडलीच नाहीस. गादीवरची पांढरी चादर सारखी केलीस आणि म्हणालास, “बस इथं. वाच मोठ्यानं.”

“इथं? गिऱ्हाईकं आहेत की.”

“त्यांच्यासाठीच तर वाचायचं. मला काय कळतं?”

मी वाचायला लागलो. तू कापडाचं थान उलगडत होतास, मीटर लावत होतास, बायाबापड्यांना रंग दाखवत होतास, आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. तुझी नजर गिऱ्हाईकाच्या हातावर होती. कापड घेणारा माणूस कापड चिमटीत धरून चोळत असतो, ते तू मला नंतर समजावून सांगितलंस. गोष्ट चालू असताना तो हात चोळतच राहिला, तर गोष्ट मेलेली. हात थांबला, तर बरी. आणि हात कापडावरून उचलला गेला, तर ते वाक्य छापायचं. कुणी मधेच “याचा रंग जाईल का हो?” असं विचारलं, की तू काही न बोलता कापड कापायची ती मोठी कात्री उचलायचास आणि हवेत एकदा वाजवायचास. कच. माझा परिच्छेद गेला.

किती परिच्छेद गेले माझे! भोकरदनच्या रस्त्यावरच्या बाभळीचं वर्णन गेलं. कच. माझ्या आजोबांच्या स्वभावावरचं चिंतन गेलं. एक काकू म्हणाल्या, “यात डबल अर्ज, मोठा पन्हा, मिळंल का?” कच. जीवनाबद्दल मी तीन ठिकाणी फार खोल बोललो होतो. तिन्ही ठिकाणी एकाच जावेनं दुसऱ्या जावेला विचारलं, “अस्तर घेतलं का गं?”

मी चिडलो होतो तेव्हा. म्हणालो, “हे काय संपादन आहे का? उद्या भाजीवाल्याला विचारशील.”

तू कात्री खाली ठेवलीस. “भाजीवाला घाईत असतो. कापड घेणारा माणूस निवांत असतो, त्याला घरी जायची जल्दी नसते. त्याला जर तू थांबवू शकला न्हाई, तर पुस्तक घेऊन पलंगावर पडलेल्याला काय थांबवणार? तो तर झोपंल.”

तुझं खरं होतं. अजूनही आहे. ही गोष्ट मी तुझ्यासमोर कबूल केली नसती, म्हणून आता करतो.

पण बेंडबाजाच्या गोष्टीचा शेवट, पारस. त्यावर मी अजून ठाम आहे. ऐकून घे. चुकीच्या गावात पोचलेला बेंड, चुकीच्या लग्नात वाजवतोय, सगळं गाव नाचतंय, नवरदेवाचा मामा घोड्यापुढं लोळतोय, आणि कुणालाच पत्ता नाही की हा बेंड आपला नाही. इथपर्यंत तू खूश. त्याच्यानंतर मी लिहिलं होतं की बेंडमास्तर गावाच्या वेशीवर जाऊन एकटा बसतो आणि रडतो, कारण ज्यांच्या लग्नाला तो जायचा होता तिथं मुकाट वरात निघाली. सुंदर परिच्छेद होता. माझ्या बायकोला आवडला होता.

तू कात्री वाजवलीस. गिऱ्हाईक तर कुणी नव्हतंच त्या वेळी! मी म्हणालो, “आता कुणाचा हात बघितलास?”

“माझा,” तू म्हणालास. “बाजा वाजत असताना थांबायचं, भास्कऱ्या. रडायचं ते वाचणारा घरी जाऊन रडून घेईल. त्याला मोकळीक दे.”

तो परिच्छेद चांगला होता. मी अजून सांगतो. पण पुस्तकात नाही तो. तू जिंकलास आणि निघून गेलास, हे काही खिलाडूपणाचं झालं नाही.

आता कव्हर. रफीकची आठवण काढल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि तो समोर बसलाय म्हणून नाही, खरंच जाता येत नाही. एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यांबाहेर जे टेम्पो उभे असतात, त्यांच्या पाठीवरची कमळं, मोर आणि डोळे रफीक पेंटरच्या हातचे. तू त्याला म्हणालास, पुस्तकाचं चित्र काढ. त्यानं कागद उलटापालटा करून पाहिला आणि परत दिला. “कागदावर न्हाई येत शेठ. कागद हलतो. पत्रा द्या.”

मग तू पत्रा दिलास! जुन्या टेम्पोच्या मागच्या फाळक्याचा पत्रा, पुस्तकाच्या कव्हरसाठी! लोकांनी ऐकलं असतं तर वेड्यात काढलं असतं आपल्याला. काढलंच. रफीकनं त्या पत्र्यावर बेंडमास्तर काढला, लाल कोट, सोनेरी झालर, हातात चमकणारं ट्रम्पेट, मागं नाचणारं गाव. पत्रा पाठीला बांधून तो मोटरसायकलवर दुकानात आला तेव्हा अर्धा बाजार मागं मागं चालत आला होता, वरातीसारखा. तुझ्या घरच्या, आमच्या सुनंदावहिनी, तर गादीवरून उठून उभ्या राहिल्या.

आणि मग त्यानं पत्रा उलटा केला. मागच्या बाजूला कव्हरचं मागचं पान. मी त्याला सांगितलं होतं की मागं पुस्तकाबद्दल चार ओळी यायच्यात, जागा सोड. रफीकच्या हाताला जागा सोडायची सवय नाही. पाठीमागं जे लिहायचं असतं ते त्यानं वर्षानुवर्षं लिहिलंय. दोन कमळांच्या मधे, सुरेख पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं: सुरक्षित अंतर ठेवा.

मी डोक्याला हात लावला. रफीकनं जीभ चावली. “हाताला आदत पडली, साहेब. पुसून देतो.”

तू ओरडलास, “खबरदार पुसशील तर!” आणि माझ्याकडे बोट करून म्हणालास, “लेखकाबद्दल यापेक्षा बराबर ओळ कुणी लिहिली आहे का आजपर्यंत?”

छापलंय. जसंच्या तसं छापलंय. छापखानेवाल्यानं दोनदा फोन करून विचारलं, चुकून तर राहिलं नाही ना म्हणून.

एक गोष्ट मात्र तुला कधी कुणी सांगितली नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, सांगायची नाही. त्या बेंडमास्तरकडे नीट बघ, पारस. तो कपाळावरचा केसांचा झुपका. ती मिशी. एक भुवई वर गेलेली. रफीकला चेहरा काढायला समोर माणूस लागत होता, आणि जालन्यात एका जागी तासन् तास बसून राहणारा एकच माणूस त्याला माहीत होता, गादीवरचा. तू थान उलगडत होतास आणि तो समोरच्या टपरीवरून तुला काढत होता. आणि तू काय म्हणालास पत्रा बघून? “सगळं चांगलं हाय रफीक, फक्त या बेंडमास्तरची मिशी थोडी बारीक कर. भोंदू वाटून राह्यला.”

वहिनी तोंडाला पदर लावून आत गोदामात पळाल्या. मी ठसका लागल्याचं नाटक केलं. रफीकनं मान खाली घालून, “जी शेठ,” म्हटलं, आणि मिशी आणखी जाड केली.

बाईंना विसरलो तर बाई सोडणार नाहीत. आपल्या जोशीबाई, शाळेत आपल्या दोघांना मराठी शिकवलेल्या. त्यांनी मुद्रितं तपासून दिली. आल्या त्या लाल पेन घेऊनच, आणि गादीवर बसणार नाहीत म्हणाल्या, खुर्ची आणवली. पहिली गोष्ट तपासून परत आली तर खाली शेरा: अक्षर सुधारा. मी तुझ्याकडे पाहिलं, तू माझ्याकडे. ती गोष्ट वहिनींनी संगणकावर टाइप केलेली होती! मी हळूच म्हणालो, “बाई, हे मशीनचं अक्षर आहे.”

बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “मग मशीनला सांग सुधारायला.”

आणि वहिनींनी दुसऱ्या दिवशी अक्षर बदललं! मोठं, गोल, मोकळं. सगळं पुस्तक त्याच अक्षरात आहे आता, आणि छापलेली पानं बघून लोक म्हणतात किती छान वाचायला येतं. बाई ते ऐकून मान डोलावतात, जसं काही हे होणारच होतं.

वहिनी. सुनंदावहिनींबद्दल मी काही बोलणार नाही, त्या आत्ता हे टाइप करणार आहेत आणि स्वतःबद्दलचं सगळं खोडून टाकतील. एवढंच सांगतो की प्रत्येक प्रतीच्या पाठीसाठी दुकानातल्या उरलेल्या कापडाची पट्टी आहे, ती त्यांनी आधीच कापून ठेवलीय. कटपीस प्रकाशन नाव ठेवताना तू हसत म्हणाला होतास, कटपीसनंच बांधू. वहिनींनी ते गंमत म्हणून घेतलं नाही. एकाही प्रतीचं कापड दुसऱ्यासारखं नाही. माझ्या प्रतीला साडीच्या काठाची पट्टी आहे. बाईंच्या प्रतीला शाळेच्या गणवेशाचं निळं. (वहिनी, हे खोडू नका. तुम्हाला पारसची शप्पथ.)

आता तू विचारशील, एवढी माणसं, मग यांची नावं पुस्तकात कुठं आहेत? तेच तर भांडण!

पुस्तकाची पानं लावून झाली तेव्हा शेवटी एक पान रिकामं उरलं होतं. मी उड्या मारल्या. म्हणालो, ऋणनिर्देश! सगळ्यांचे आभार! तुझे, वहिनींचे, रफीकचे, बाईंचे, गादीवर बसून गेलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांचे! तू मान हलवलीस. नाही.

“पान कोरं जाऊ दे.”

“का पण?”

तू मग तुझ्या फूफाजींची, आत्याच्या यजमानांची, गोष्ट सांगितलीस. तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत सगळ्या नातेवाइकांची नावं होती आणि फूफाजींचं तेवढं सुटलं. फूफाजी लग्नाला आले, पण मांडवात शिरले नाहीत. बाहेर खुर्ची टाकून बसले. तुझ्या वडिलांनी पाया पडून पाहिलं, तुझ्या आत्यानं रडून पाहिलं, शेवटी तू स्वतः फेटा बांधून बाहेर गेलास आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलास. तेव्हा कुठं आत आले. आल्यावर मात्र सगळ्यात जास्त जिलेबी त्यांनीच खाल्ली.

“नाव लिहिलं की कुणाचं तरी सुटतं,” तू म्हणालास. “आणि ज्याचं सुटलं त्याच्यापाशी जमिनीवर कोण बसणार? तू? तुझे तर गुडघे दुखतात.”

“बरं, मग फक्त तुझं नाव. एकट्याचं.”

तेव्हा तू पहिल्यांदा गंभीर झालास. मला आठवतंय, तू कापडाची घडी घालत होतास आणि ती घडी पूर्ण केल्याशिवाय बोलला नाहीस. “भास्कर, आभार मानले की माणूस हात झटकून निघतो. झालं, मिटलं, चला. मला तुला मोकळं सोडायचं न्हाई. तू उद्या परत इथं येऊन बसला पाहिजे, वाचायला काही असो का नसो.”

मी काय म्हणालो त्यावर? मी म्हणालो, “मी आभार मानणारच. तू बघत राहा.” आणि चहा न पिता निघालो, रागानं. खोट्या रागानं. दुसऱ्या दिवशी येऊन आणखी भांडायचं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी शटर अर्धं उघडं होतं.

तुला जे सांगायचं राहिलं ते हे, की मी तसाही रोज येतच होतो. वाचायला काही नसलं तरी. कारखान्यातून सुटलो की मोटरसायकल आपोआप तुझ्या बाजाराकडे वळायची. घरी मी सांगायचो, पुस्तकाचं काम चाललंय. पुस्तकाचं काम! तू मला दुकानातली सगळ्यात भडक साडी अंगावर टाकून दाखवायचास आणि मी त्यावर भाषण ठोकायचो, एवढंच काम चालायचं. हे तुला माहीत होतं का? माहीत असणारच. पण मी बोललो नव्हतो.

असो. बाजा वाजत राहू दे.

तुझं सगळं झाल्यावर दुकान परत उघडलं. वहिनी गादीवर बसल्या. तुझा फोटो त्यांनी दुकानात लावू दिला नाही. म्हणाल्या, “हार घातलेला फोटो दिसला की गिऱ्हाईक हळू आवाजात बोलतं, आणि हळू आवाजात कापड घेतलं जात न्हाई. त्यांना चाललं नसतं.” दुकानात फक्त रफीकचा पत्रा टांगलाय, लाल कोटातला बेंडमास्तर. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, बेंडवाल्याची जाहिरात आहे.

मी गेलो आणि म्हणालो, “वहिनी, छापखानेवाला शेवटच्या पानासाठी थांबलाय. मला पारसचे आभार छापायचेत.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे सुजलेले होते, पण आवाज अगदी तुझ्यासारखा. “त्यांनी कोरं ठेवा म्हटलं होतं, भास्करभाऊ.”

“मला माहीत आहे.”

“तुम्ही भांडून राह्यले होते त्यावरून.”

“तेही माहीत आहे.”

त्यांनी थोडा विचार केला. मग हात लांब करून तुझी ती मोठी कात्री उचलली. “मंग त्यांच्याच कायद्यानं होऊ द्या. बसा इथं. वाचा मोठ्यानं. गिऱ्हाईकाचा हात उठला तर छापू. न्हाई उठला तर पान कोरं जाईल, आणि तुम्ही परत विषय काढायचा न्हाई. मंजूर?”

मंजूर. काय करतो? तुझा कायदा तुझ्यावरच चालवायचा होता, आणि हरलो असतो तर तुझ्याबद्दल एक शब्दही कुठं छापला गेला नसता. कधीच. मी रफीकला आणि बाईंना बोलावून घेतलं, आधाराला. रफीक पायरीवर बसला, बाई खुर्चीवर, लाल पेन हातात.

मी घरून लिहून आणलं होतं. भारी लिहिलं होतं, पारस! “मराठवाड्याच्या मातीत उगवलेल्या हे निस्पृह वाङ्मयसेवका,” अशी सुरुवात होती. मी छाती भरून वाचायला लागलो. दोन पोरी ड्रेसचं कापड बघत होत्या. एक म्हणाली, “दादा, यात मेंदी कलर हाय का?”

कच.

मी दुसरा कागद काढला. त्यात रडणं जास्त होतं. काळाचा पडदा होता, पोकळी होती, न भरून येणारी. एक माणूस पँटपीस घ्यायला आला होता. त्यानं कापड चोळता चोळता विचारलं, “काय निवडणूक लागली का?”

कच. रफीक गालातल्या गालात हसला. बाई म्हणाल्या, “भास्कर, पाठांतर नाही, समजून वाच.”

तिसरा कागद माझ्याकडे नव्हता.  तेवढ्यात अंबडकडची एक म्हातारी आणि तिची सून आल्या. या दुकानात पहिल्यांदाच, सुनेनं कुणाकडून तरी नाव ऐकलं होतं. नातीच्या लग्नाचे ब्लाउजपीस घ्यायचे होते. म्हातारीनं पहिला तुकडा चिमटीत धरला आणि असा चोळायला लागली, जसं काही त्याचा गुन्हाच कबूल करून घ्यायचा होता. मी मनात म्हणालो, संपलं. हिचा हात विमान पडलं तरी उठणार नाही.

वहिनींनी कात्री तयार धरली होती. मी कागद खाली ठेवला. गादीमागं गोदामाचा दरवाजा आहे, त्याला तो पडदा, ज्याच्या मागं तू माल आणायला जायचास आणि तिथूनच ओरडायचास, “थांबू नको, मी ऐकून राह्यलो!” मी त्या पडद्याकडे तोंड केलं आणि तुझ्याशीच बोलायला लागलो. नेहमीसारखा.

म्हणालो, “पारस, ऐक. मी तुझे आभार मानणार आहे, तू काय करशील? तू माझी बाभळ कापली, आजोबा कापले, बेंडमास्तरचं रडणं कापलं, आणि तरी मी रोज इथं येऊन बसलो, याचा अर्थ काय होतो ते तूच सांग. रफीकला कागदाऐवजी पत्रा तू दिलास. दुसऱ्या कुणी दिला असता का?” सून हसली. मी थांबलो नाही. सुरक्षित अंतराची गोष्ट सांगितली. मिशीची सांगितली, आणि बोटानं पत्रा दाखवला. बाई पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या, सगळ्या शाळेला ऐकू जावं अशा. मी मशीनच्या अक्षराचं सांगितलं. फूफाजींच्या शेजारी फेटा बांधून जमिनीवर बसलेल्या नवरदेवाचं सांगितलं. म्हणालो, “जो नवरदेव आपला मांडव सोडून रुसलेल्या म्हाताऱ्याशेजारी जमिनीवर बसतो, त्याचं नाव पुस्तकात नाही घालायचं तर कुणाचं घालायचं? आणि मी हात झटकून निघणार नाही, पारस. उद्या परत येतो. परवापण येतो. वाचायला असो का नसो.”

एवढं बोलून थांबलो. मी पडद्याकडेच बघत राहिलो. आतून काही आवाज आला नाही. वहिनींची कात्री वाजली नाही. मी वळून पाहिलं तर कात्री चादरीवर पडलेली होती, आणि त्या म्हातारीचे दोन्ही हात छातीशी होते. ब्लाउजपीस खाली पडलं होतं, तिचं लक्षच नव्हतं.

पान छापायला गेलंय, पारस. त्यात रफीक आहे, बाई आहेत, वहिनी आहेत, गादीवर बसून गेलेलं प्रत्येक गिऱ्हाईक आहे. तुझं नाव नाही. तुझा हट्ट होता, राहू दे. तुझ्या नावाच्या जागी त्या म्हातारीचं बोलणं छापलंय, जसंच्या तसं. ती माझ्याकडे, मग वहिनींकडे, मग त्या पडद्याकडे बघून, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“अगं बाई, मंग तो शेठ आत काय करून राह्यला? बोलवा की त्याला बाहेर! इतकं चांगलं बोलून राह्यले त्याच्याबद्दल, त्याला ऐकू तर येऊ द्या!”